हळदकुंकू लावलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. पण देव मांडायचा किंवा जेवायला बसायचा नव्हे, लिहायचा. माझी पाठ लिहिणाऱ्याकडे किंचित उतरती आहे आणि खालच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी आहे, कागद घसरू नये म्हणून. सध्या मी त्रिचीच्या एका सभागृहात काचेच्या पेटीत राहतो. माझ्या पाठीवर एक जुना अंक उघडून ठेवला आहे. लोक येतात, वाकून बघतात, काचेला हात लावून डोळ्यांना लावतात. बोलता आलं असतं, तर मी त्या प्रत्येकाला सांगितलं असतं की ते पान खोटं आहे. आज तुम्ही ऐकताय, तर तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म तंजावूरचा. नागलिंग आचारी म्हणून एक म्हातारे कारागीर होते. फणसाच्या एकाच ओंडक्यातून ते अख्खी वीणा कोरून काढत. माझ्याच ओंडक्याच्या अर्ध्या भागाची वीणा झाली आणि ती थाटात मद्रासला गेली. माझ्या भागात एक गाठ निघाली. आचाऱ्यांनी बोटानं टकटक केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "इथं नाद अडकतो. याचं काही खरं नाही." वीणेचा मला त्या दिवशी फार राग आला. खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

पुढे एक तरुण बातमीदार बाई कारागिरांवर लिहायला आल्या. भुईवर बसून गुडघ्यावर वही धरून लिहीत होत्या. आचाऱ्यांनी वहीत डोकावलं.

"पोरी, ही अक्षरं आहेत की कोंबडीनं उकिरडा उकरलाय?"

"गुडघा हलतो, आचारी. त्याला मी काय करू?"

"मग उद्या ये," असं म्हणून आचाऱ्यांनी माझी पाठ रंधली, पाय बसवले आणि मला त्यांच्या हवाली केलं. जाताना माझ्या कानात पुटपुटले, "गाता येणार नाही तुला. निदान लिहिणारीचं नीट ऐक." ते मी आयुष्यभर ऐकलं.

त्या बाई म्हणजे कुमुदवल्ली. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्रिचीच्या उरैयूर भागात त्यांचं छोटं घर होतं. अंगणात रांगोळी पडली, पितळी पेल्यात कॉफी आली, की अक्का माझ्यापुढे मांडी घालून बसायच्या. त्यांचा हात जड. फणसाचं लाकूड तसं मऊ, त्यामुळे त्यांचं अक्षर न् अक्षर माझ्या पाठीला कळायचं. लोक डोळ्यांनी वाचतात, मी पाठीनं वाचायचो. छापील अक्षर मात्र मला वाचता येत नाही, कारण त्याला वजनच नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अक्का दिवसभर बातम्यांच्या मागे हिंडायच्या आणि सकाळी कादंबरी लिहायच्या. दर आठवड्याला एक प्रकरण 'पोन्नोडै' नावाच्या साप्ताहिकात छापून यायचं. ते न्यायला सभापती यायचा. अक्कांनीच त्याला तिथे उपसंपादक म्हणून चिकटवून दिलं होतं. पोरगा मोठा गोडबोल्या. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि विचारायचा, "काय चौरंगराव, आमच्या अक्का काय म्हणतात?" मला तो फार आवडायचा. हे सांगताना आजही माझी गाठ दुखते.

एका वर्षी पोंगलच्या तोंडावर मेलक्कुडी गावात भाताच्या गिरणीतला बॉयलर फुटला. त्यावर काम करणारा कुप्पुसामी गेला. मालकानं सांगितलं, "प्यायलेला होता. त्यानंच घोळ केला." वर्तमानपत्रांनीही तेच छापलं. अक्का मेलक्कुडीला जाऊन आल्या, निराळी बातमी लिहिली आणि त्यांच्याच दैनिकानं ती दाबली. मग एका सकाळी कुप्पुसामीची बायको अंजलै वांग्यांची टोपली घेऊन घरी आली. माझ्यासमोर बसली आणि वांग्यांची देठं निवडत बोलत राहिली.

"अम्मा, त्याच्या गळ्यात माळ होती. पळनीच्या डोंगरावरच्या मुरुगन देवाला नवसाची कावड न्यायची होती त्याला. माळ घातलेला माणूस पायात चप्पल घालत नाही, बायकोच्या हातचं मासळीचं कालवण खात नाही. तो दारू पिईल? शेंबड्या पोराला विचारा."

"मालकाला ठाऊक होतं?"

"हो तर. वाफ सोडायची चावी अडकतेय, अडकतेय म्हणून किती सांगितलं त्यानं. मालक म्हणाला, पोंगलचा तांदूळ तेवढा निघू दे, मग बघू." तिनं नाक पुसलं. "आता कावडीची मंडळी म्हणतात, नवस मोडून प्यायलेल्या माणसाची कावड आम्ही डोंगरावर नेणार नाही. मोरपिसं लावून तयार कावड घराच्या कोपऱ्यात उभी आहे, अम्मा. माझा भाऊ उचलायला तयार आहे. पण मंडळी सोबत घेत नाहीत."

अक्कांनी माझ्यावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "बातमी छापत नाहीत ना? गोष्ट छापतील."

आणि त्यांनी कादंबरी सुरू केली. कुप्पुसामीचा मारी केला, अंजलैची पूंगोदै केली, गावाचं नाव बदललं. पण मेलक्कुडीत कोणाला कळायचं राहिलं नाही. चहाच्या दुकानात दर आठवड्याला अंक मोठ्यानं वाचला जाऊ लागला. पूंगोदैवर आळ आला की बायका मालकाला शिव्या घालत. अंजलै उरैयूरला आली की हसत सांगायची, "जी बाई मला विहिरीवर घडा टेकू देत नव्हती ना, तीच काल विचारते, पुढे काय होतं गं?" कावडीचा म्होरक्यासुद्धा नरमला. म्हणाला, "शेवटी काय निघतं ते बघू. मारी निर्दोष निघाला, तर कावड आमच्यासोबत येईल." गोष्टीवर असा भरवसा टाकणारी माणसं होती ती. मालकाच्या तोंडापेक्षा त्यांना छापलेला कागद मोठा वाटायचा.

शेवटचं प्रकरण अक्कांनी नवरात्रात लिहिलं. त्यात पूंगोदै भर पंचायतीत उभी राहते, मेलेल्या नवऱ्याच्या गळ्यातली माळ पदरातून काढून मालकाच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "आता सांग, प्यायला होता का?" ते वाक्य लिहिताना निब माझ्या पाठीत खोल रुतलं. मला दुखलं, पण अभिमान वाटला.

मित्रांनो, तिकडे सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तकं, वह्या, लेखण्या सगळं देवीपुढे रचतात. त्या दिवशी कोणी वाचत नाही, कोणी लिहीत नाही. छापखान्यातल्या यंत्रांनासुद्धा चंदन लावून सुट्टी देतात. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरवायची आणि मगच नव्यानं पहिलं अक्षर काढायचं. अक्का तशा फार देवभोळ्या नव्हत्या, पण हा एक दिवस पाळायच्या. म्हणायच्या, वर्षभर अक्षरांना राबवून घेतो, एक दिवस त्यांनाही विश्रांती हवी. मलाही त्या दिवशी हळदकुंकू लागायचं आणि माझ्या पाठीवर देवीची तसबीर टेकायची.

नेमका त्याच दिवशी सभापती आला. हातात छपाईचे तपासायचे कागद होते.

"अक्का, शेवटच्या प्रकरणाचं प्रूफ. म्हटलं, देवीच्या पायाशी ठेवावं."

"आज कशाला आणलंस मेल्या? आज अक्षर वाचायचं नाही, ठाऊक नाही तुला?"

"वाचायला कोण सांगतंय? नुसतं ठेवा. उद्या सकाळी यंत्र सुरू झालं की हेच पहिलं लागणार."

"तू नीट पाहिलंस ना?"

"स्वल्पविरामासकट," असं म्हणत त्यानं प्रसादाची हरभऱ्याची उसळ तोंडात टाकली. "खोबरं कमी पडलंय बरं का, अक्का."

"पुढच्या वर्षी तुझ्या आईला पाठव किसायला."

दोघंही हसले. अक्कांनी त्या कागदांच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली, वर कुंकू वाहिलं आणि ते माझ्या पाठीवर ठेवले. रात्रभर ते तिथेच होते. मी सांगितलंच आहे, छापील अक्षर मला कळत नाही. ते कागद मला नुसते थंड लागले.

विजयादशमीला निरांजन ओवाळून होतंय न होतंय तोच सभापती धापा टाकत दारात हजर.

"यंत्र खोळंबलंय, अक्का! सही तेवढी करा. वर्षाचं पहिलं अक्षर, तेही शेवटच्या प्रकरणावर. याहून चांगला मुहूर्त कुठला?"

अक्कांना ते पटलं. त्यांनी वर पिल्लैयारचं वळण काढलं, म्हणजे आपण श्री लिहितो तसं, आणि खाली सही केली. न वाचता. इतक्या वर्षांचा पोरगा, स्वतः उभा केलेला. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवील? त्या कागदावर खरी अशी ती सहीच काय ती होती, आणि ती माझ्या पाठीनं ओळखली.

पुढच्या आठवड्यात अंजलै आली. टोपली नव्हती. हातात 'पोन्नोडै'चा अंक होता, तिला वाचता येत नसताना. उंबऱ्यातच बसली.

"अम्मा, दुकानात वाचलं त्यांनी. मारी प्यायलेला होता म्हणे. मालकानं पूंगोदैला माफ केलं म्हणे. ती त्याच्या पाया पडली, तिला गिरणीत झाडलोटीचं काम मिळालं." तिचा आवाज चढला नाही. "सगळे हसले. म्हणाले, बघ, तुझ्या बाईंनीच लिहिलंय. मालक बोलला तेव्हा मला काही वाटलं नाही. तो मालकच. पण तुम्ही माझ्या घरी जेवला होतात."

अक्कांनी अंक ओढून घेतला. उभ्या उभ्या वाचला आणि मटकन माझ्या कडेला टेकल्या. त्यांची वाक्यरचना, त्यांचे लाडके शब्द, त्यांची धाटणी, सगळं होतं. नव्हतं ते फक्त खरं. आठवड्याच्या आठवड्याला त्यांची प्रकरणं वाचून सभापतीनं त्यांचा हात चोरला होता आणि त्याच हातानं त्यांचा केसानं गळा कापला होता. "मी नाही गं लिहिलं हे," अक्का म्हणाल्या. अंजलैनं खालची सही दाखवली नाही, कारण अंकात सही नसते, नाव असतं. तिनं कोणीतरी दाखवून दिलेल्या त्या नावावर नुसतं बोट ठेवलं आणि ती निघून गेली.

अक्कांचा निरोप गेल्यावर सभापती एकदाच आला. पहिल्यांदाच त्यानं चपला काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"गिरणीवाले 'पोन्नोडै'च्या मालकांचे व्याही होणार आहेत, अक्का. मी काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास."

"वाचकांना सुखाचा शेवट आवडतो. पत्रं बघा किती आलीत."

"माझे हस्तलिखित कागद दे."

"छापखान्यात कुठे राहतात ते?" मग तो हळूच म्हणाला, "आणि प्रूफवर सही तुमचीच आहे." पुढच्या महिन्यात तो संपादक झाला.

अक्कांनी खुलासा लिहून सगळीकडे पाठवला. कोणी छापला नाही. तेव्हा त्यांनी शेवटचं प्रकरण आठवून आठवून पुन्हा लिहिलं आणि मला काखोटीला मारून मेलक्कुडीची बस पकडली. चहाच्या दुकानात बाकावर मला ठेवलं आणि उभं राहून अक्षर न् अक्षर वाचलं. कावडीच्या म्होरक्यानं मान खाजवत विचारलं, "अक्का, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण गावानं छापलेलं धरायचं की हातानं लिहिलेलं?"

अंजलै मागे उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली, अक्कांच्या हातून ते कागद घेतले आणि पदराखाली धरले. "छान आहे, अम्मा," ती म्हणाली. "असंच झालं होतं. पण हे छापलेलं नाही ना?"

अक्कांनी मान हलवली. अंजलैनं ते कागद घरी नेऊन कावडीला बांधले. ती कावड त्या वर्षी गेली नाही, पुढेही कधी गेली नाही. मोरपिसं तिथेच झडली म्हणतात.

त्यानंतर अक्कांनी कादंबरी लिहिली नाही. बातम्या लिहीत राहिल्या, बाजारभावाच्या, पाणीपुरवठ्याच्या. माझ्यावर धूळ बसली, मग लोणच्याच्या बरण्या बसल्या. अक्का गेल्यावर 'पोन्नोडै'च्या सुवर्णमहोत्सवाला सभापती स्वतः मला न्यायला आला. केस पांढरे, आवाज तसाच गोड. त्यानं बरण्या उतरवल्या, माझ्या पाठीवर थाप मारली आणि भाषणात डोळे पुसत म्हणाला, "याच चौरंगावर अक्कांनी ते अजरामर शेवटचं प्रकरण लिहिलं." टाळ्या पडल्या. तेव्हापासून ते प्रकरण माझ्या पाठीवर आहे. माझी वीणा झाली असती, तर एखादी तार मी बेसूर वाजवली असती. चौरंगाला तारा नसतात.

मित्रांनो, मला पॉलिश नको, काच पुसायला नको. ज्याच्यावर तुमचं नाव जाणार आहे ते वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका, मग मुहूर्त कितीही चांगला असो आणि मागणारा कितीही आपला असो. आणि कधी त्रिचीला आलात, तर त्या काचेपाशी थांबा. हात जोडू नका. फक्त मोठ्यानं म्हणा, "कुप्पुसामी प्यायलेला नव्हता." तेवढंच. ते कुठे छापलेलं नाही, म्हणून कोणीतरी म्हणायला हवं.