माझ्या वाफेने सुटलेली चिठ्ठी

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा झाकण लावून गप्प बसलो. कारण यात माझी चूक आहे, आणि आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायला कुणाला आवडतं? पण आज सांगून टाकतो.

मी एक जुना भाताचा कुकर आहे. विजेवर चालणारा, पांढरा, पोटावर निळी फुलं. जन्म जपानातल्या कारखान्यातला. मिसुझु नावाच्या मुलीने मला स्वेटरांत गुंडाळून अमेरिकेत आणलं. आयोवातलं एक छोटं कॉलेज, आठशे मुलं, आणि चहूकडे नुसता मका.

तिच्या जपानी कॉलेजातून दरवर्षी दोन-चार जण इथे वर्षभर शिकायला यायचे. कँटीनमध्ये बटाटे, मॅकरोनी आणि परत बटाटे. त्यामुळे रविवारी होस्टेलच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात माझ्याभोवती गर्दी. इथली वीज तिकडच्यापेक्षा जोरात, म्हणून माझा भात तळाशी थोडा लागायचा. पोरं ती खरपुडीच आधी मागायची. एकदा एक मुलगा पहिला घास खाऊन रडायलाच लागला. मला वाटलं, भात कच्चा राहिला की काय. तसं नव्हतं.

जाताना मिसुझुने मला पुढच्या पोरांच्या हवाली केलं, आणि तिथून पद्धतच पडली. मे महिन्यात जाणाऱ्याने ऑगस्टमध्ये येणाऱ्यासाठी माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवायची. 'खिडकीजवळच्या प्लगला हात लावू नका.' 'थंडीत ओल्या केसांनी बाहेर जाऊ नका, केसांचा बर्फ होतो.' पण सगळ्यात पहिली मिसुझुची, थेट झाकणावर: 'ही माणसं एकदाच विचारतात. जायचं असेल तर पहिल्या वेळीच हो म्हणा.'

तिकडे जपानात कसं असतं, कुणी घरी बोलावलं की आधी 'नको, तुम्हाला उगाच त्रास' म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा मान खाली घालून हो. लगेच हो म्हणणारा हावरट. मिसुझु स्वतः यात फसली होती, म्हणून तिने लिहून ठेवलं.

नऊ वर्षं ती चिठ्ठी टिकली. दहाव्या वर्षी तोमोनोरी आला. त्या वर्षी दोघंच आले होते, त्यातली मुलगी गावात एका कुटुंबाकडे राहायची. म्हणजे होस्टेलात जपानी हा एकटाच. लाजाळू, उंच, नेहमी वाकून चालणारा. पहिल्याच रविवारी त्याने भात लावला. चिठ्ठ्या नंतर निवांत वाचू, असं म्हणून तो वर गेला. मी तापलो आणि जोरात वाफ सोडली. झाकणावरच्या चिठ्ठीच्या कडा आधीच सुटल्या होत्या. ती उडाली ती ओट्यामागच्या फटीत.

खरं सांगू? तेव्हा मला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. अंगावरचा एक कागद कमी झाला!

तोमोनोरीचा रूममेट होता वेंडेल. चाळीस मैलांवरच्या शेतावरचा मुलगा, डुकरं पाळणारं घर. त्याने पहिल्यांदा माझा भात घेतला आणि त्यावर लोणी आणि साखर टाकली.

"अरे, काय करतोस हे!" तोमोनोरी ओरडला.

"आमच्याकडे असाच खातात."

"माझ्या आजीला कळलं ना, तर ती मला घरात घेणार नाही."

"मग आजीला सांगू नकोस, लेका. चव तर बघ."

तोमोनोरीने चव बघितली. तोंड वाकडं केलं. मग अजून एक चमचा घेतला. त्यानंतर दर रविवारी दोघं तिथेच. वेंडेल त्याला ट्रक चालवायला शिकवायचा, तो वेंडेलला गणित समजावायचा. इतकी वर्षं मी तिथे होतो, पण अशी जोडी बघितली नव्हती.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली. गुरुवारी सणाचं मोठं जेवण, त्यासाठी सगळे घरी जातात, कँटीन चार दिवस बंद. सोमवारी वेंडेल म्हणाला, "आई म्हणतेय, तुला घेऊन ये. येतोस?"

तोमोनोरीचा चेहरा असा फुलला होता! आणि तोंडाने म्हणाला, "नको नको. तुझ्या आईला कशाला त्रास."

"बरं," वेंडेल म्हणाला.

मंगळवारी काही नाही. बुधवारी दुपारी वेंडेल ट्रकची किल्ली घेऊन दारात आला. तोमोनोरी माझ्याजवळ बसला होता. टेबलाखाली त्याची भरलेली बॅग. बॅगेवर तांदळाच्या बिस्किटांचा डबा, वेंडेलच्या आईसाठी, छान कागदात गुंडाळलेला. वेंडेलला ते दिसलं नाही. मला दिसत होतं.

"चल, निघतो मग," वेंडेल म्हणाला, आणि क्षणभर थांबला.

"हो. नीट जा," तोमोनोरी म्हणाला, आणि तोही थांबला.

मग ट्रकचा आवाज आला. तो लांब जाईपर्यंत तोमोनोरी ऐकत बसला. चार दिवस आख्ख्या इमारतीत तो आणि मी. तिसऱ्या दिवशी त्याने तो डबा उघडला, एक बिस्किट खाल्लं आणि पुन्हा कागद लावून ठेवला.

सुट्टीनंतर स्वयंपाकघरात वेंडेल त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या कर्टिसला सांगत होता, मी सगळं ऐकलं. "आईने त्याच्यासाठी ताट मांडलं होतं रे. तांदूळपण आणला होता. म्हणत होती, परत एकदा विचार. पण माणूस नाही म्हणाला की नाही. मागे लागणं बरं दिसतं का? आमची डुकरं-बिकरं नको असतील त्याला."

चिठ्ठी माझ्यापासून दोन हातांवर, ओट्यामागे पडली होती.

जानेवारीत वेंडेल वरच्या मजल्यावर राहायला गेला. भांडण झालं नाही, काही नाही. नुसते रविवार बंद झाले. माझ्यावर कुणीतरी पावाची पिशवी ठेवायला लागलं.

मे महिन्यात, निघायच्या दिवशी, तोमोनोरी मला शेवटचं पुसत होता. वेंडेल कॉफी घ्यायला आला. दोघंही अवघडले.

"नोव्हेंबरात माझी बॅग भरलेली होती," तोमोनोरी खाली बघूनच म्हणाला.

"काय?"

"वाटलं, तू परत विचारशील. आमच्याकडे तीनदा विचारतात."

वेंडेलने कप खाली ठेवला. "मग बोलायचं नाही का, गाढवा! सहा महिने मला वाटतंय, मीच तुला आवडत नाही."

"मलाही तेच वाटत होतं."

बस यायला वीस मिनिटं होती. मित्रांनो, सहा महिने गेले आणि हातात उरली वीस मिनिटं. तोमोनोरीने मला उचलून वेंडेलच्या हातात दिलं. "आईला दे. पुढच्या नोव्हेंबरात मी नक्की येतो."

तो आला नाही. नोकरी लागली, आणि तिकडे नोव्हेंबरात रजा कोण देतो? दर नव्या वर्षी पत्र मात्र यायचं. वेंडेलची आई, आर्लीन, माझ्यात भात करायला शिकली. पुढे कित्येक वर्षं दर थँक्सगिव्हिंगला एक ताट जास्तीचं मांडायची. "आला तर?" म्हणायची. ती दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेली. तोमोनोरीला तिने कधी पाहिलंच नाही. मग वेंडेलने मला कपाटावर ठेवून दिलं. धूळ बसली, झाकणाची स्प्रिंग ढिली झाली.

मित्रांनो, मला घासा-पुसा असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो. कुणी 'नको' म्हणालं तर लगेच पाठ फिरवू नका. आणि तुम्हाला जायचं असेल तर जीभ चावून बसू नका. ऐकून गप्प राहणाऱ्याचं काय होतं, ते माझ्याकडे बघा.

या सोमवारी, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, वेंडेलने कॉलेजात फोन लावला. या वर्षी जपानहून चिओरी नावाची मुलगी आली आहे, तिला त्याने विचारलं, "गुरुवारी आमच्याकडे जेवायला येतेस का?" मग जरा थांबून म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. कपाटावर माझा जीव वरखाली. तो खिडकीशी उभा राहिला, डोकं खाजवलं, आणि परत नंबर फिरवला. "पुन्हा विचारतोय. येतेस?" पलीकडून परत नको. "हे बघ पोरी, तिसऱ्यांदा विचारतोय, आणि मला आज दुसरं काही काम नाही."

मग तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

फोन ठेवून त्याने मला खाली काढलं, पुसलं, प्लग लावला. "म्हाताऱ्या," तो म्हणाला, "गुरुवारी दगा देऊ नकोस."

मी माझा लाल दिवा लावला. नाही देणार, वेंडेल. गुरुवारी नाही.