पूजेनंतरची पहिली पेटी

नरहरपंतांना एखादा प्रश्न पडला, की तो घरातल्या प्रत्येकाला पडेपर्यंत ते स्वस्थ बसत नसत. घर बनारसच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, घराणं पुरोहितांचं. पण पंतांनी स्वतः आयुष्यभर बँकेत बसून दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर सह्या गेल्या, संशय तेवढा घरी आला.

सध्याचा प्रश्न पुतण्याच्या कारखान्याचा होता. कुणालचा गंगेपलीकडे, रामनगरला, पत्र्याच्या पट्ट्या ठोकायचा कारखाना. कूलरला, पंख्याला लागतात तसल्या पट्ट्या. ऑफिसात गणपतीच्या शेजारी आयएसओचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं होतं, आणि गणपतीला हार घालून उरलेलं फूल रोज त्याच्या खिळ्यावर चढत असे. एवढं सगळं यथासांग चाललेलं असताना, मोटारीच्या सीटखालच्या पट्ट्या करायच्या म्हणून आता मोटारवाल्यांचं वेगळं प्रमाणपत्र हवं होतं.

“मुंज झालेल्या मुलाची परत मुंज लावतात का गं?” पंतांनी तेजश्रीला विचारलं. तेजश्री म्हणजे कुणालची बायको. पुण्याची. लग्नाआधी चाकणच्या एका कारखान्यात दर्जा तपासायची, आता नवऱ्याच्या कारखान्यात तेच काम करत होती. रविवारी दोघं काकांकडे जेवायला येत, आणि पंत तिच्यासाठी आठवडाभराचे प्रश्न राखून ठेवत.

“मुंज नाही काका, सोवळं म्हणा,” तेजश्री म्हणाली. “पहिलं प्रमाणपत्र ही आंघोळ. पंखे करा, बिस्किटं करा, नाहीतर शाळा चालवा. काम ठरवून करा, ठरलंय तसंच होतंय का बघा, चुकलं तर सुधारा. सगळ्यांना एकच नियम. मोटारवाल्यांचं ते सोवळं. ते आंघोळीवरच नेसायचं, नुसतं मिळत नाही.”

“आंघोळीशिवाय सोवळं नेसणारे आपल्या घाटावर पुष्कळ आहेत,” स्वयंपाकघरातून इंदूकाकू म्हणाल्या. “त्यांचं प्रमाणपत्र कोण देतं ते विचारा तिला.”

पंतांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ते तेवढं शिकले होते.

“पण सोवळ्यात जास्तीचं काय?”

“संशय,” तेजश्री म्हणाली.

पंत ताठ बसले. हा तर त्यांचा विषय.

“पहिल्यात सांगतात, धोक्यांचा विचार करा. दुसऱ्यात पट्टीच्या एकेका भोकाचा विचार करायचा. काय बिघडेल, बिघडलं तर कुणाला लागेल, आणि बिघडलेलं आधी आपल्याला कळेल का गिऱ्हाइकाला. सगळं आधीच लिहून काढायचं.”

“काढलंस?”

“काढलं. वीज जाणं, गंगेला पूर, माकडानं वायर तोडणं.”

“माकडसुद्धा?”

“चाकणला नव्हतं. इथे घालावं लागलं.”

“चाची, और एक पुरणपोळी,” कुणाल मध्येच म्हणाला. त्याचं मराठी जेवताना हिंदीकडे झुकायचं. “काका, कूलरच्या पट्टीचं भोक मोठं झालं तर वॉशर टाकतात, खतम. सीटच्या पट्टीचं भोक मोठं झालं तर बोल्ट हलतो, आणि वर माणूस बसलेला असतो. बस, इतनी सी बात है.”

“आणि म्हणून,” तेजश्री म्हणाली, “मशीनच्याही आधी मोजणाऱ्या वस्तूवर संशय घ्यायचा. माझ्या सगळ्या कारखान्यात महत्त्वाचं काय असेल तर ते गेज. ते चुकलं की सगळंच चुकलं, आणि कुणाला कळतही नाही.”

हे वाक्य पंतांच्या मनात जाऊन बसलं. ते तिथे बसायला नको होतं, हे पुढे सर्वांच्या लक्षात आलं.

*

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी बनारसमधला लोखंडाला हात लावणारा प्रत्येक माणूस लोखंडाला हात जोडतो. कुणालच्या कारखान्याची पूजा दरवर्षी पंतच सांगत. मंत्र त्यांना येत होते आणि जे येत नव्हते ते ते हळू आवाजात म्हणत. एरवी ते पट्ट्या ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसला, मग छोट्या प्रेसला टिळा लावून थांबायचे. या वर्षी थांबले नाहीत. तपासणीच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी लतिकाला विचारलं, “गेज म्हणतात ते हेच का?”

लतिका तिथली तपासनीस. तिनं हात पुसून ते त्यांच्यापुढे धरलं. बोटभर लांब पोलादी कांडी, दोन टोकांची. एक टोक भोकात गेलंच पाहिजे. दुसरं, केसभर जाड, जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, पट्टी बाद.

या ‘जाता कामा नये’, म्हणजे नो-गो, टोकाच्या मुळाशी एक लाल रेघ होती. दोन्ही टोकं एकसारखी दिसतात म्हणून ती खूण सगळीकडे असते. पंतांना मात्र वाटलं, टिळ्याची जागाच दाखवून ठेवली आहे. तेजश्री पुण्याची असली तरी संस्कार चांगले. आणि नाही तरी, येईल त्याला हो म्हणणाऱ्या टोकापेक्षा नाही म्हणणारं टोक मोठं दैवत, असं बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वाटायचंच. त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर त्या टोकाला चांगला भरून लावला. वर नमस्कार केला.

पूजेनंतर मुहूर्तावर पहिली पेटी निघाली. ही पेटी साधी नव्हती. हरियाणातल्या मोटार कंपनीला नमुना म्हणून जाणारी, तिच्यातल्या पट्ट्या पसंत पडल्या तर काम मिळणार. त्या भरवशावर कुणालनं नवी प्रेस बसवली होती आणि तिच्यावर माणसंही नेमली होती. पेटी नापसंत झाली तर त्या माणसांना घरी जा म्हणून सांगायचं होतं. लतिकानं एकेक पट्टी गेजवर पारखली, पेटी बंद झाली, नारळ फुटला, ट्रक गेला.

*

दुसऱ्या दिवशी पंत प्रसादाचं ताट परत आणायला कारखान्यात गेले. ताट हे निमित्त. गेज पूजेनंतर कसं दिसतं, हे त्यांना बघायचं होतं.

तपासणीच्या टेबलाभोवती सगळे जमले होते. तेजश्रीच्या हातात एक लाल रंगवलेली पट्टी होती.

“हे काय?” पंतांनी विचारलं.

“मुद्दाम बिघडवलेली पट्टी, काका. हिचं भोक मोठं आहे. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ही गेजला दाखवायची. गेजनं हिला बाद केलं, तर गेज शुद्धीवर आहे. हेही सोवळ्यातलंच.”

“मग?”

“आज गेजनं हिला पास केलं.”

“काल?”

“काल सकाळी बाद केलं होतं. पूजेच्या आधी.”

पंतांनी टेबलावरच्या कांडीकडे पाहिलं. शेंदूर कालच वाळून टोकावर कातडीसारखा बसला होता. भोकात न जाणारं टोक शेंदरानं आणखी जाड झालं होतं, मोठ्या भोकातही शिरत नव्हतं. बाद करणारं दैवत टिळा लावल्यावर सगळ्यांवर प्रसन्न झालं होतं.

आता गप्प बसता आलं असतं. गेजवर काहीबाही लागतंच, कुणीही म्हणालं असतं. पण इतका सुंदर उलगडा समोर असताना तोंड मिटून बसणं पंतांना जन्मात जमलं नव्हतं.

“हा शेंदूर माझा,” ते म्हणाले.

“पुसलास का नाही?” कुणालनं लतिकाला विचारलं.

लतिकानं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं तिला गणपतीच्या कपाळावरचा टिळा पुसायला सांगितलं होतं. “पूजेच्या दिवशी?” ती म्हणाली.

“त्यांना फोन कर,” तेजश्री म्हणाली. “पेटीत मोठ्या भोकाच्या पट्ट्या गेल्या असू शकतात.”

“असू शकतात! नसूही शकतात!” कुणालनं ऑफिसच्या उघड्या दारातून काचेतल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. “ह्याच्या पुस्तकात काय लिहिलंय? सदोष माल गेला तर योग्य ती कारवाई. योग्य काय, हम तय करेंगे. ट्रक पोचला की बघू.”

“त्यात कळवणं हा चार मार्गांतला एक मार्ग आहे, खरंय,” तेजश्री म्हणाली. “नव्यात तो मार्ग नाही, हुकूम आहे. सदोष माल बाहेर पडला की लगेच गिऱ्हाइकाला कळवायचं.”

“नवं प्रमाणपत्र अजून मिळालंय कुठे आपल्याला?”

पंतांना फार बरं वाटलं. दोन पुस्तकांत फरक काय, हे ते महिनाभर विचारत होते, आणि तो आज टेबलावर आपणहून येऊन बसला होता. “म्हणजे सोवळं नेसायच्या आधी खरकटं चालतं, असं तुझं म्हणणं?” त्यांनी निरागसपणे विचारलं.

कुणालनं त्यांच्याकडे पाहिलं. मग नव्या प्रेसकडे. तिच्याजवळची माणसं काम थांबवून इकडेच बघत होती.

“फोन केला आणि त्यांनी पेटी नाकारली, तर हे सगळे घरी.”

“न करता सीट हलली तर?” तेजश्री म्हणाली.

कुणालनं फोन उचलला. “पण कारण काय सांगू? ते पाच वेळा ‘का’ विचारतात. काकांनी निष्काळजीपणा केला म्हणू?”

“निष्काळजी?” पंत दुखावले. “मी इतक्या काळजीनं कुणालाच टिळा लावलेला नाही.”

“माणूस हे कारण कधीच लिहायचं नाही,” तेजश्री म्हणाली. “टिळा लागू शकेल असं गेज उघडं होतं, हे कारण. माझ्या यादीत माकड होतं, पूजा नव्हती. चूक यादीची.”

माकडानंतर यादीत आपली वर्णी लागणार, हे पंतांच्या लक्षात आलं. पण त्यांनी ते मोठ्या मनानं घेतलं.

कुणालनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे कंपनीचा दर्जा बघणारा साहेब होता, कुणी अनिश म्हणून. कुणालनं सगळं सांगितलं. ‘सिंदूर’ हा शब्द तेवढा घाईघाईनं.

“सिंदूर,” अनिश म्हणाला. “कौन से सिरे पर?”

“नो-गो पर.”

“लाल निशान वाले पर?”

“जी.”

“एक मिनट.”

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मग धावणारे बूट. कारखान्यातली सगळी माणसं त्या फोनकडे बघत उभी राहिली. बराच वेळ नुसता पलीकडच्या मशीनचा आवाज येत होता. मग दुरून कुणावर तरी ओरडल्याचा.

“कल उनके यहाँ भी पूजा थी,” लतिका हळूच म्हणाली.

अनिश परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. “पेटी आम्ही खोलणार नाही, वापस भेजते हैं. दुसरी पाठवा, नये गेज से. मौका है आपका,” तो म्हणाला. त्याचं घर नागपूरकडचं असावं. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “ते काका आहेत का तिथे? ज्यांनी लावला?”

कुणालनं फोन पंतांपुढे सरकवला.

“काका, हा शेंदूर निघतो कशानं?”

“रॉकेलनं निघेल. कपड्यानं हलकेच पुसा, खरवडू नका,” पंत म्हणाले. खुर्ची ओढून ते फोनजवळ नीट बसले. “पण आधी मला हे सांगा, तुमच्याकडे पूजा कोण सांगतं?”