येशुदास रणभिसे यांची पद्धत

हिरवी पट्टी

यवतच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या येशुदास रणभिसेच्या रानात त्या साली पहिल्यांदा संकरित मका उभा राहिला, आणि ग्रामसेवकानं सांगितलं तसं त्याला साखरेसारखं पांढरं नत्र खत हप्त्याहप्त्यानं मिळालं, पेरताना थोडं, मका गुडघ्याला लागल्यावर पुन्हा, तुरा निघायच्या बेताला शेवटचं, दर वेळी बुडख्यापासून चार बोटं लांब, वरून माती ओढून आणि मग बेतानं पाणी.

पिवळी पट्टी

शेजारीच. तेच बी. तेच रान. खत नाही.

"शेणखत तरी घालू का?" येशुदासनं विचारलं होतं.

"काहीच नको. फरक दिसायला पाहिजे," ग्रामसेवक म्हणाला.

येशुदासनं शब्द दिला.

रस्त्याकडेला पाट्या लागल्या. हिरव्यापुढे: सुधारित पद्धत. पिवळ्यापुढे: येशुदास रणभिसे यांची पद्धत.

हिरवी पट्टी

बापाचा जन्म मिशनच्या घोड्यांना खरारा करण्यात गेला होता, घराण्यात मालकीची जमीन म्हणून ही पहिलीच, आणि गावानं आपल्याला एकदा तरी शेतकरी म्हणावं एवढ्या एका इच्छेपोटी येशुदासनं प्रयोगाला रान दिलं होतं. आता मका डोक्यावर गेला, पानं काळपट हिरवी होऊन एकमेकांवर घासू लागली आणि पाटसकडे जाणारी एसटी तिथं हळू होऊ लागली.

पिवळी पट्टी

एसटीच्या खिडकीतून हाक यायची.

"रणभिसे, मक्याला कावीळ झाली व्हय?"

खालची पानं टोकाकडून पिवळी पडत. मधल्या शिरेनं आत. मग करपत.

हिरव्यातलं पाणी इकडे झिरपू नये म्हणून तो याला वेगळं पाणी द्यायचा. शेळी इथं बांधायची नाही. रोज राखण. पीक उपाशी राहावं म्हणून.

एक दिवस बांधालगतची तीन ताटं हिरवी दिसली.

"रूथ, काय घातलंस?" त्यानं बायकोला विचारलं.

"लेंड्या. पाण्यात कालवून."

"अगं, म्या शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मक्यानं न्हाई."

त्यानं तिन्ही ताटं उपटली. त्या पट्टीत तेवढीच चांगली होती.

मधला बांध

कणसं भरल्यावर मेळावा झाला. तालुक्याचे साहेब आले. गावातले जुने बागाईतदार सोपानराव यांनी हिरव्यातलं कणीस सोललं. शेंड्यापर्यंत दाणा.

"वा! खतानं कमाल केली."

मग पिवळ्यातलं सोललं. निम्मं बोडकं.

"आन् ही तुझी पद्धत व्हय रं?"

लोक हसले.

"माझी न्हाई, आप्पा." येशुदासचा आवाज चढला. "दरसाल शेणखत पडतंय हितं. असलं कणीस म्या कवा काढलं न्हाई. औंदा घालू नको म्हनले, म्हून हात बांधून बसलो."

सोपानराव वाकले. सऱ्या बघितल्या. माती चिमटीत घेतली.

"तण न्हाई. पाणी बी येळेवर. आन् येवढं करून उपाशी ठिवलंस?" ते सरळ झाले. "माझ्या हातनं झालं नसतं, गड्या. चोरून घातलं असतं म्या."

"आमच्या बी न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"शेतकरी हाय बाबा ह्यो!" सोपानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

येशुदासचे कान गरम झाले.

साहेब खुलले. "मग ठरलं. पुढची काही वर्षं प्रयोग इथंच. पिवळी पट्टीसुद्धा हीच ठेवू. आता तिथली जमीन निकस झालीय, फरक आणखी उठून दिसेल."

"साहेब, पाटीवरचं नाव तरी..."

"नाव हवंच. नावाशिवाय लोकांना खरं वाटत नाही."

"येशुदासबिगर कुनाला जमनार हाय?" सोपानराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

"न्हाई म्हना," मागं उभी असलेली रूथ हळूच म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही. वळला असता तर खांद्यावरचा हात सुटला असता.

"व्हय, साहेब," येशुदास म्हणाला.