राणी एलेनाचा झगा

मी एक झगा बोलतोय. अननसाच्या पानांच्या धाग्याचा, उंच फुगीर बाह्यांचा आणि थोडासा गर्विष्ठ. गर्व का नसावा? मनिलाजवळच्या लागुना प्रांतातल्या आमच्या गावात सेपासारखं शिवणारी दुसरी बाई नव्हती, आणि मला तिनं आपल्या एकुलत्या एक लेकीसाठी, नेनिंगसाठी शिवलं.

मे महिन्यात आमच्याकडे पवित्र क्रूसाची मिरवणूक निघते. गावातली सगळ्यात देखणी मुलगी, तो क्रूस शोधून काढणारी राणी एलेना होऊन फुलांच्या कमानीखालून चालते. त्या वर्षी ती नेनिंग होती. मला घालून ती अशी चालली की आईस्क्रीमवाला घंटी वाजवायची विसरला. मनिलाहून आलेल्या एका सिनेमावाल्यानं तिला तिथंच हेरलं.

तिच्या बॅगेत बसून मीही मनिलाला गेलो. म्हटलं, आता आपण पडद्यावर झळकणार! कसलं काय. तिथं तिला अंगभर कपड्यांत कुणाला बघायचंच नव्हतं. तापानं फणफणली असली तरी पातळ, ओल्या कपड्यांत तिला समुद्रात उभी करायचे. पोस्टरं गावापर्यंत पोचली. बायका सेपाला मुद्दाम विचारायच्या, "काय गं, एवढी शिवतेस, लेकीला एक धड कपडा देत नाहीस का?"

एकदा नेनिंग पोटुशी असताना घरी आली. सेपानं दार उघडलं नाही. सगळी आळी खिडक्यांतून बघत होती. नेनिंग पायरीवर बॅग ठेवून तिच्यावर, म्हणजे माझ्यावरच, बसून राहिली आणि शेवटच्या गाडीनं परत गेली. मला सेपाचा फार राग आला होता. अजून येतो.

पुढे गोळ्या घेतल्याशिवाय तिला झोप लागेना. एका सकाळी ती उठलीच नाही. पेपरवाल्यांनी नाही नाही ते लिहिलं. शवपेटीबरोबर मी आणि तिची चिमुरडी दालिसाय सेपाकडे आलो.

मेलेल्या माणसाला आमच्याकडे उत्तमातला उत्तम कपडा घालतात. सेपानं मला इस्त्री केली. पण दालिसायनं माझी बाही धरली, तीत तोंड खुपसलं आणि सोडेचना. माझ्या अंगाला तिच्या आईचा वास होता ना! सेपानं इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, "राहू दे. आईचं एवढं तरी पोरीला राहू दे."

आता दालिसाय मोठी झाली. या वर्षी गावानं तिला राणी एलेना व्हायला सांगितलं, तर आजी अडून बसली. म्हणे, त्या मिरवणुकीनंच माझी पोर नेली.

"मिरवणुकीनं नाही, आजी," दालिसाय हळूच म्हणाली. "आईला परत यायचं होतं."

सेपानं मला मांडीवर घेतलं. मग तिनं चष्मा लावला आणि माझी कंबर उसवायला घेतली. शिवणीत जादा कापडाची माया सोडलेली होती, त्यामुळे मी दालिसायला बरोबर बसलो.

आज संध्याकाळी मिरवणूक आहे. मला एका ठिकाणी रफू केलंय, बाह्यांना खळ दिलीय, पण ऐट तीच. मघाशी दालिसायनं गमतीत विचारलं, कुणी सिनेमावाला भेटला तर? माझे पाठीचे हुक लावता लावता सेपा थांबली.

"मनात असलं तर जा. नाही जमलं तर ये. बदनाम होऊन ये, पोटुशी ये, रात्री-अपरात्री ये. पण ये."

चला, बँड सुरू झाला, आम्हाला निघायला हवं. रस्त्याच्या कडेला उभे राहाल तेव्हा एवढं करा. माझ्याकडे नका बघू, मला मिरवायची सवयच आहे. पोरीच्या चेहऱ्याकडे बघा.