दूधझाडाचं कुरण

लव्होनने फावडं उगारलं ते थेट दिराच्या जबड्यावर.

एल्डन गुडघ्यांवर कोसळला. हातातली मशाल गवतात पडली, पण आता तिची गरजच नव्हती. कॅन्ससच्या वाऱ्याने आग केव्हाच कुरणात नेली होती.

"मेल्या, नवरा खाल्लास माझा, तेवढ्यानं पोट नाही भरलं?"

"वहिनी, ऐक तर..." तो रक्त थुंकला. "जाळलं नाही तर दूधझाडाची मुळंच मरतील. वाळल्या गवताखाली गुदमरलीयत ती."

तिने दुसरा घाव घातला. आडवा धरलेला हात कडकन मोडला. एवढा धिप्पाड गडी, पण त्याने उलट बोटही लावलं नाही. त्याने तर तिचं डोकं आणखीच फिरलं. शेजाऱ्यांनी तिला ओढून बाजूला केलं, तोवर ती त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होती.

रुईच्या गोतातलं हे खुरटं दूधझाड आसपास सगळीकडे नांगराखाली संपलं होतं. त्याच्यापायी हार्लनने, तिच्या नवऱ्याने, हा तुकडा कधी नांगरू दिला नाही. वसंतात सगळेच कुरणं पेटवत. अशाच एका आगीत हार्लन इथे होरपळून मेला. आग शेजारच्या एल्डनच्या रानातून आली असं लोक म्हणाले, आणि एल्डनने कधी नाकारलं नाही. तेव्हापासून लव्होनने इथे काडी ओढू दिली नव्हती. नवऱ्याचं फूल ती जिवापाड जपत होती, आणि कित्येक वर्षांत एकही फुललं नव्हतं.

जूनमध्ये ती कुरणात गेली. कोवळ्या गवतात जिकडेतिकडे माना खाली घातलेले हिरवट फुलांचे झुबके.

हार्लन गेला त्या जूनमध्येही असंच फुललं होतं. देवाची दया म्हणून ती तेव्हा रडली होती. आता तिच्या ध्यानात आलं: दोन्ही वेळा आधी आग लागली होती. फुलांसाठी हे कुरण पेटावं असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

ती गेली तेव्हा एल्डन आपल्या ओसरीवर नळीने सूप ओढत होता. जबडा तारेने आवळलेला, हात प्लास्टरमध्ये.

"त्या दिवशी काडी हार्लननेच ओढली होती ना? फुलांसाठी?"

त्याने सूपची वाटी खाली ठेवली.

"मग इतकी वर्षं माझ्या शिव्या का खाल्ल्यास, मेल्या?"

आवळलेल्या दातांतून शब्द कसेबसे बाहेर आले.

"खरं कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी नांगर घातला असतास तू त्या फुलांवर."

घातलाच असता, हे लव्होनला ठाऊक होतं.