हार्डकासलबाईंची हजेरी

दोन वाजायला दहा मिनिटं कमी असताना डोरीन हार्डकासलबाई समिती कक्ष क्रमांक चारमध्ये आल्या आणि दाराजवळच्या पहिल्याच खुर्चीत बसल्या. कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. कोटाखाली इस्पितळाचा गाऊन आहे हे मला दिसलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"पाच वाजेपर्यंत सोडलंय त्यांनी मला," त्या म्हणाल्या. "बाकीचे कुठायत, राजा?"

"येतील," मी म्हणालो.

मी महापालिकेत समित्यांचा लेखनिक होतो. कार्यक्रमपत्रिका काढायची, कोण हजर होतं ते लिहायचं, कोण काय बोललं ते अर्ध्या लांबीत लिहायचं. बैठकीत लेखनिक स्वतःहून बोलत नाही. विचारलं तर उत्तर देतो. हा नियम माझ्या स्वभावाला इतका मानवला होता की घरीही मी तो पाळत असे.

त्या दिवशी मंगळवार होता, ईस्टरच्या सुटीनंतरचा, तेरा एप्रिल. हार्डकासलबाई चौदा ऑक्टोबरला शेवटच्या हजर होत्या. त्यानंतर पोटाची एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी. कायदा असा की नगरसेवक सलग सहा महिने एकाही बैठकीला आला नाही, तर त्याची जागा आपोआप रिकामी होते. कोणी काढत नाही, मतदान होत नाही, नोटीस येत नाही. तारीख उलटली की संपलं. कितीही लहान उपसमितीत बसलं तरी चालतं, पण बसावं लागतं. त्या आठवड्यात सुटीमुळे एकच बैठक होती, ती भाजीमळे उपसमितीची, म्हणजे महापालिका लोकांना भाजी पिकवायला भाड्याने देते त्या जमिनींची. विषय एकच: बेक लेनच्या भाजीमळ्यांना दुसरा नळ द्यावा की नाही.

खरं तर मार्चच्या सर्वसाधारण सभेत त्यांची गैरहजेरी मंजूर करून घेता आली असती. आजारपणाचं कारण सभागृहाने कधीच नाकारलं नव्हतं. मी इस्पितळात जाऊन तसं सुचवलंही होतं.

"माझी आतडी सभागृहात वाचून दाखवणार तू?" त्या म्हणाल्या होत्या. "त्या निळ्या पक्षवाल्यांसमोर? नाही. मी चालत येईन."

मी "बरं" म्हणालो. माझ्या बहुतेक चुका त्या एका शब्दात मावतात. आग्रह धरायला हवा होता. धरला नाही, आणि एप्रिल उजाडला.

त्यांच्या जागेवर किती गोष्टी टेकल्या होत्या, हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. तेहेतीस वॉर्ड, प्रत्येकी तीन नगरसेवक, एकूण नव्व्याण्णव. आमच्याकडे तीन वर्षं एकेक तृतीयांश सभागृह निवडून येतं आणि चौथं वर्ष मोकळं जातं, पडीक ठेवलेल्या शेतासारखं. ते वर्ष मोकळं होतं. लाल पक्षाचे पन्नास, निळ्या पक्षाचे एकोणपन्नास. बाईंची लाल जागा गेली की दोन्हीकडे एकोणपन्नास, आणि महापौर पाळीप्रमाणे त्या वर्षी निळ्यांचा. बरोबरी झाली की निर्णायक मत त्याचं. बावीस तारखेच्या सभेत बाईंच्या वॉर्डातलं लिंडेन हाउस हे वृद्धांचं घर बंद करण्याचा निळ्यांचा ठराव होता. तिथे सव्वीस माणसं राहत होती. त्यांतल्या निम्म्यांना बाई बसमध्ये तिकिटं फाडायच्या तेव्हापासून ओळखत.

उपसमितीत पाच सदस्य, कोरम तीनचा. बाई आल्या होत्या. अध्यक्ष बर्नार्ड ओल्डरॉइड दोनला एक मिनिट असताना आले. ते रेल्वेत सिग्नलमन होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी घड्याळ टेबलावर उघडं ठेवायची सवय गेली नव्हती. तिसरा कॉलिन बेटसन, लाल गटातला. तो नक्की येणार होता. मी त्याला शनिवारी, रविवारी आणि त्या दिवशी सकाळीही फोन केला होता.

दोन वाजून दोन मिनिटांनी कोपऱ्यातला फोन वाजला.

"थ्वेट? बेटसन. क्लच गेला रे. गावाबाहेरच्या चढावर उभा आहे, रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यातून बोलतोय. अर्धा तास लागेल. थांबवून धर त्यांना."

"पंधरा मिनिटांच्या वर थांबता येत नाही, साहेब."

"काहीतरी कर ना!" आणि नाणी संपली.

मी खोलीत सांगितलं. ओल्डरॉइडनी घड्याळाकडे पाहिलं. "नियम चोवीस. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांत कोरम झाला नाही तर बैठक झालीच नाही."

"आणि बैठक झाली नाही," बाई म्हणाल्या, "तर मी इथे काय केलं?"

"तू इथे नव्हतीस, डोरीन. कायद्याने."

त्या हसल्या, आणि मग हसणं दुखलं म्हणून थांबल्या. चेहरा खडूसारखा झाला होता. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्या माझ्याकडे वळल्या.

"एडमंड, लिहून टाक ना. कॉलिन आला होता म्हणून लिही. निघालाच आहे बिचारा. कोण बघतंय?"

माझ्यासमोर हजेरीचा कागद होता. पेन हातात होतं. आजवर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं, पण त्या क्षणी लिहिलं असतं असं मला वाटतं. धैर्याने नव्हे, त्यांना नाही म्हणणं जमलं नसतं म्हणून.

"लिहू नकोस," ओल्डरॉइड म्हणाले. "त्याखाली माझी सही लागते. मी करणार नाही."

"बर्नार्ड, आपण एका पक्षाचे ना रे?"

"डोरीन, तुझ्यासाठी मी दारोदार फिरलोय. पावसात फिरलोय. आजही फिरेन. पण गाडी आली नसताना आली असं मी कधी कळवलेलं नाही." त्यांचा आवाज फाटला. "मला नको सांगूस हे."

दोन वाजून पाच झाली होती. उरलेले दोन सदस्य निळे. ग्रिमशॉबाई टेनेरिफच्या समुद्रकिनाऱ्यावर होत्या. आणि मॉरिस पेल, त्यांना मी तासाभरापूर्वी खाली सदस्यांच्या खोलीत वर्तमानपत्र वाचताना पाहिलं होतं.

मी उठलो. जिना उतरताना काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि तीनदा विसरलो.

पेल खिडकीपाशी बसले होते. समोर चहाची किटली, बशीत अर्धा 'पोर्क पाय', म्हणजे मांसाचं सारण भरलेला पदार्थ. त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं; बावीस वर्षं नगरसेवक. मला पाहून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"भाजीमळे उपसमिती दोनला सुरू व्हायची होती, साहेब," मी म्हणालो. "आठवण करून द्यायला आलो."

"आठवण आहे. म्हणून तर इथे बसलोय."

"कोरमला एक कमी आहे."

"तसं होऊ शकेल, हे मला गटनेत्याने सकाळीच सांगितलं. तो म्हणाला, मॉरिस, तू काही करायचं नाहीस. नुसता चहा प्यायचा. चहा पिणं गुन्हा आहे का, थ्वेट?"

"नाही, साहेब."

"मी हात वर करत नाहीये, कोणाला धक्का मारत नाहीये. कायदा आपलं काम करतोय." त्यांनी बशीतला तुकडा उचलला आणि परत ठेवला. "कशी दिसते ती?"

"बरी नाही दिसत."

"हं." मग ते माझ्याकडे रोखून पाहू लागले. "एक सांग. तू आत्ता लेखनिक म्हणून आलायस की एडमंड थ्वेट म्हणून?"

तिथे मला म्हणायचं होतं: थ्वेट म्हणून. म्हणायचं होतं: पाया पडतो, या. बाईंनी इस्पितळातून येताना गाऊनसुद्धा बदललेला नाही, या. महापालिकेचा नोकर कोणत्याही बाजूचा नसतो, हे वाक्य मी तेवीस वर्षं जपलं होतं, आणि आता तेच आडवं आलं.

"लेखनिक म्हणून, साहेब," मी म्हणालो.

"मग काम झालं तुझं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

जिना चढताना मला धाप लागली. वर पोचलो तेव्हा दोन वाजून अकरा झाली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले. खोलीत वाऱ्याची झुळूक येत होती. त्या थरथरत होत्या. ओल्डरॉइडनी आपला मफलर काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकला आणि परत घड्याळापाशी जाऊन बसले.

"एकतीस वर्षं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि शेवटी जागा नळाच्या बैठकीत जायची."

"बोलू नकोस, डोरीन."

"बोलू नको तर काय करू? मत तर देता येत नाही."

बारा. मी कागदावर दोन नावं लिहिली होती आणि तिसऱ्या ओळीवर एक ठिपका पडला होता.

तेव्हा दार ढकलून पेल आत आले. टोपी हातात, कोट अंगात, निघायच्या तयारीत.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "मी हजर राहू शकत नाही, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला आलोय. चिठ्ठी पाठवणार होतो, पण बरं दिसलं नसतं." त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला. "डोरीन. हे तुझ्याशी वैर नाही, हे तोंडावर सांगावं म्हटलं. गट म्हणजे गट. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस."

"केलं असतं," बाई म्हणाल्या. "दार लाव, मॉरिस. गारठा येतोय."

त्यांनी मागे वळून दार लावलं.

ओल्डरॉइडनी मान हलवली. "दिलगिरीची नोंद घेतली." आणि शेवटचं मिनिट मोजायला घड्याळ उचललं. बैठक रद्द, हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले.

"अध्यक्षमहाराज," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"अध्यक्षमहाराज, खोलीत तीन सदस्य आहेत."

ओल्डरॉइडनी घड्याळ खाली ठेवलं.

"मी गैरहजर आहे!" पेल म्हणाले. "तेच तर सांगायला आलोय!"

"गैरहजर माणसाला ते सांगता येत नाही, साहेब," मी म्हणालो. आवाज माझा नसल्यासारखा होता. "नियम चोवीस खोलीत असलेल्यांना मोजतो. का आला ते विचारत नाही."

"थ्वेट, तू कोणाचा नोकर आहेस?"

"नियमांचा, साहेब." आणि हे खरं होतं की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

ओल्डरॉइडनी माझ्याकडे पाहिलं, पेलकडे पाहिलं, लावलेल्या दाराकडे पाहिलं. गाडी आली की नाही, याची ते खात्री करून घेत होते. मग त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं.

"दोन वाजून चौदा. उपस्थित तीन. बैठक सुरू झाली आहे."

मी तिसरं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की नंतर टंकलेखिकेने विचारलं, हे कोण.

बाईंची हजेरी लागली होती. आता पेल तडक निघून गेले असते तरी ती पुसली गेली नसती. फक्त नळ राहिला असता. मला वाटलं, ते जातील. ते दाराकडे वळलेही. मग थांबले, टोपी टेबलावर आपटली आणि खुर्ची ओढून बसले.

"मी गेलो तर उद्या कोणीतरी म्हणेल ती बैठकच नव्हती," ते ओल्डरॉइडना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "बाईला परत इस्पितळातून इथवर यायला लावणार का तुम्ही? चला. नळ."

आणि नळावर ते वीस मिनिटं बोलले. पाइपची लांबी, गोठण्याचा धोका, नळ कुंपणाच्या आत हवा की बाहेर. रागाने बोलत होते की लिहिण्याजोगी बैठक व्हावी म्हणून, मला कळेना. बाईंना एकेक मिनिट जड जात होतं. मफलर त्यांनी मुठीत पिळला होता. थांबा म्हणावं असं मला वाटलं. पण माझं बोलून झालं होतं.

मतदान झालं. बाईंनी हात वर केला तेव्हा बाही घसरली आणि मनगटावरची इस्पितळाची पट्टी दिसली. तीन हात. नळ मंजूर.

बावीस तारखेला बाई आल्या आणि लिंडेन हाउस पन्नास विरुद्ध एकोणपन्नास मतांनी राहिलं. ऑगस्टमध्ये त्या गेल्या. पोटनिवडणूक निळ्यांनी जिंकली आणि पुढच्या वसंतात ते घर बंद झालं. पेलना त्यांच्या पक्षाने पुन्हा तिकीट दिलं नाही. बावीस वर्षांत नियम चोवीस त्यांनी माझ्याहून जास्त वेळा वापरला असणार. मग ते आत आलेच कसे, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. कदाचित माझ्या त्या वाक्याची गरजच नव्हती. कदाचित मी एका सभ्य माणसाला फसवलं. दोन्हींपैकी एक तरी खरं असणार.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच घडलेलं नव्हतं. ओल्डरॉइडनी बैठक संपल्याचं सांगितलं, आणि बाईंना उठता येईना. पेलनी खुर्चीची एक बाजू धरली, मी दुसरी. आम्ही त्यांना खुर्चीसकट लिफ्टकडे नेऊ लागलो. पेल धापा टाकत शिव्या देत होते. कोणाला ते कळत नव्हतं.

"हळू रे दोघे," बाई म्हणाल्या. "नगरसेविका बसलीये खुर्चीत."

"माहितेय," पेल म्हणाले. "कोपरा सांभाळ, थ्वेट."