गोल्फगाडीचे दोन बैल

नियम नसला की माणूस मोकाट गुरासारखा वागतो, असं माझं तीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे, आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. एका परवाना कचेरीत मी सायकली, हातगाड्या आणि बैलगाड्यांना बिल्ले द्यायचो. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी नारळ दिला, म्हणजे खराखुरा, शाल दिली, आणि रद्दीत निघालेले बैलगाडीचे कोरे फॉर्म मी स्वतः मागून घेतले. पुढे भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो.

चौऱ्याण्णव साली मागच्या बिल्डिंगमधल्या जैनबचाचींकडे गोल्फगाडी आली. त्यांचा मुलगा मुख्तार लूमवाला, म्हणजे यंत्रमागांचा मालक. राहनाळच्या एका गोदामात कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलचं सामान लिलावात निघालं, त्यात खुर्च्यांच्या लॉटबरोबर ही त्याच्या गळ्यात पडली. चार छोटी चाकं, वर पांढरं छत, चालायची बॅटरीवर, आवाज अजिबात नाही. गोल्फ म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. वॉचमन तिला 'गोल गाडी' म्हणायचा, आणि ती तर चांगली चौकोनी होती.

चाचींचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांच्या दारापासून गेट दोनशे पावलं, आणि गेटबाहेर सकाळी दहाला गोदू मासळीची पाटी घेऊन बसायची. गेली दोन वर्षं तिथवर जायला चाचींना कुणाचा तरी खांदा लागायचा. मुख्तारनं त्यांना गाडी चालवायला शिकवली. चौथ्या दिवशी त्या एकट्या गेटवर गेल्या, माशांचे कल्ले उचकून पाहिले, गोदूशी कडाकडा भांडल्या आणि दोन पापलेटं घेऊन परत आल्या. चेहरा असा खुलला होता की मलाही बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, गाडीला नंबर नाही.

"मुख्तार, नोंदणी?" मी विचारलं.

"आरटीओत विचारून आलो. कंपाउंडच्या आत फिरवायची तर आमचा काय संबंध नाय, बोलले."

"मग सोसायटीचा संबंध आहे."

फॉर्म माझ्याकडे होतेच. मुख्तारनं बिचाऱ्यानं तिथंच बसून भरला. 'चाकांना लोखंडी धाव आहे काय?' नाही. 'बैलांची संख्या व रंग' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'सहा. काळे. सीटखाली.' त्या बॅटऱ्या होत्या. मी फॉर्म परत केला. सहा बैल सीटखाली कोंडणं कुठल्याच नियमात बसत नाही.

तोवर वेगमर्यादेचं काम अनंताकडे दिलं. अनंता मूळचा शेलार गावचा, लूम दुरुस्त करणारा जॉबर, आणि आमच्या कमिटीचा मेंबर. त्यानं गाडीच्या चाकाला लूमचा काउंटर बांधला, चाचींना एक फेरी मारायला लावली, घड्याळ पाहिलं आणि गेटवर पाटी रंगवून टाकली: 'वेग १२० च्या वर नको.'

"अनंता, एकशेवीस?"

"जास्त न्हाय ते. माझा लूम एकशेसाठनं पळतो."

भिवंडीत वेग म्हणजे लूमचा वेग, मिनिटाला धोटा किती वेळा धावतो तो. अनंतानं चाकाचे मिनिटाला एकशेवीस फेरे मोजले होते. म्हणजे माणूस सावकाश पळेल, तेवढंच. पण रिक्षावाल्यांनी पाटी त्यांच्या पद्धतीनं वाचली. दुपारपर्यंत तिघं कंपाउंडमधून असे सुसाट गेले की वाळत घातलेल्या मिरच्या थेट पंपाच्या खोलीत सापडल्या. एकाला अडवलं तर तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "चाचा, अभी तो साठ भी नहीं हुआ."

मी तातडीची सभा बोलावली. रिक्षा बाहेरच्या, त्यांना आमचा ठराव लागू होत नाही. ठराव लागू होईल अशी नवी गाडी सोसायटीत एकच होती. तिची मोटर बंद करण्यात आली. आता सांगताना ओशाळं वाटतं, पण तेव्हा मला तो शुद्ध न्याय वाटला होता.

मी काही अगदीच दगड नाही. चाचींची मासळी बंद पडू नये म्हणून तोडगाही मीच काढला. मोटर बंद म्हणजे गाडी ओढावी लागणार, आणि ओढायची गाडी म्हटल्यावर माझा फॉर्म चपखल बसत होता. मी नवा घेतला आणि बैलांच्या रकान्यात माझं आणि अनंताचं नाव लिहिलं, 'दोन. केसरीनाथ, रंग गोरा. अनंता, रंग सावळा.' खाली माझीच सही केली आणि चाचींना सांगितलं, दहाला खिडकीतून नुसती हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी हाक आली. आम्ही गाडीला पुढून दोर बांधला आणि ओढली. गॅलऱ्या भरल्या. गेटवर गोदूनं आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चाची, यो गोरा बैल म्हातारा हाय गो. बदलून घे."

सगळे हसले. चाची हसल्या नाहीत, आणि भांडल्याही नाहीत. समोर आलं ते पापलेट घेतलं आणि चला म्हणाल्या.

त्यानंतर हाक आली नाही. चार दिवस आम्ही दहाच्या ठोक्याला दोर घेऊन उभे. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. आम्ही या वयात बैल व्हायचं आणि गाडीवानानं घरात बसून राहायचं? तणतणत त्यांच्या दारात गेलो. चाची पलंगावर बसून वाल सोलत होत्या.

"चाची, आम्ही रोज थांबतो. तुम्ही हाक का मारत नाही?"

"बस, केसरीनाथ," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, सकाळी डोळे उघडले का पयला इचार हाच. आज कुणाला हाक मारू? सुनेचं तोंड बघते, वॉचमनचं बघते, आज कोण वैतागलाय, कोण न्हाय. गाडी आली तवा वाटलं, सुटले. मासळी काय, तू घरपोच आणून देशील. मला ती हाक नको होती. तू कागद करून तीच परत माझ्या मागं लावलीस."

मूठभर वाल सोलून दिले आणि उठलो. मनातून फार लाज वाटत होती. घरी येऊन ठरावाच्या वहीतल्या मोटरबंदीवर काट मारली, अनंताकडून पाटी पुसून घेतली, आणि मुख्तारला निरोप दिला की बॅटऱ्या चार्जिंगला लाव.

दुसऱ्या दिवशी दहाला चाची निघाल्या. मी आणि अनंता पंपाच्या खोलीपाशी उभे होतो. गेटच्या अलीकडे गाडीचं पुढचं चाक गटारात गेलं. अनंता धावायला निघाला, मी त्याचा सदरा धरला. माझेही पाय थांबत नव्हते. चाचींनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. गाडी कलली तेव्हा मी अनंताचा सदरा आणखी घट्ट धरला. वॉचमन उठला, त्याला मी लांबूनच बस म्हणून खूण केली. सहाव्या खेपेला चाक वर आलं. चाचींनी कपाळ पुसून आजूबाजूला पाहिलं, तसे आम्ही दोघं पटकन भिंतीमागे खाली बसलो.

थोड्याच वेळात गेटबाहेरून भांडण ऐकू यायला लागलं. चाची म्हणत होत्या, मासळी कालची आहे, आणि गोदू आपल्या मुलांच्या शपथा घेत होती. चांगलं पाऊण तास चाललं. आमचे पाय मुंग्यांनी भरून आले, पण आम्ही तिथंच उकिडवे बसून ते शेवटपर्यंत ऐकलं.